सोसायटीच्या सूचना: एसएमएस ठेवायचा की सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर न्यायचं?

मासुंदा (सोमवार, सकाळी 10:05)

घोडबंदर रोडवरच्या 3 विंग आणि 212 सदनिकांच्या सोसायटीच्या कमिटीपुढे हा प्रश्न आहे. पाणी बंद, लिफ्टची देखभाल, सभेची आठवण अशा सूचना सध्या बल्क एसएमएसने जातात आणि शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे. एसएमएसच्या क्रेडिट्सचं (आगाऊ विकत घेतलेल्या मेसेजांचं) नूतनीकरण जवळ आलंय. कमिटीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, आता कोण एसएमएस वाचतं, बंद करा. उरलेल्यांचं म्हणणं, कीपॅड फोनवाले ज्येष्ठ सभासद वाऱ्यावर सुटतील.

मतं नकोत, ती कमिटीत भरपूर आहेत. दोन्हींचं काम आतून कसं चालतं, कुठे अडतं, आणि मराठी एसएमएसला दुप्पट-तिप्पट क्रेडिट का कापलं जातं, हे कुणी नीट सांगेल का?

सेक्टर17 (सोमवार, सकाळी 11:20)

आधी वाट समजून घ्या, बाकीचं त्यातूनच उलगडतं.

एसएमएस तुमच्या फोनवरून थेट समोरच्याकडे जात नाही. तो ऑपरेटरच्या मेसेज सेंटरमध्ये जाऊन थांबतो. ते केंद्र नेटवर्कला विचारतं, हा नंबर आत्ता कुठल्या भागात आहे? फोन चालू असेल तर मेसेज पुढे जातो. बंद असेल तर साठवून ठेवला जातो आणि फोन नेटवर्कवर आला की पुन्हा प्रयत्न होतो. प्रत्येक मेसेजला एक मुदत असते. ती संपली की मेसेज टाकून दिला जातो, आणि ज्याला तो जायचा होता त्याला काहीही कळत नाही.

2जीच्या जमान्यात हा मजकूर बोलण्याच्या वाहिनीतून जातच नव्हता. कॉल जोडण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात जी सांकेतिक देवाणघेवाण चालते, त्या वाहिनीतली रिकामी जागा वापरली गेली. म्हणून डेटा बंद असला तरी एसएमएस येतो, आणि कॉलवर असतानाही येतो. मर्यादाही तिथूनच आली. एका एसएमएसमध्ये मजकुराला 140 बाइट, म्हणजे 1120 बिट मिळतात. रोमन अक्षराला 7 बिट लागतात. 1120 भागिले 7 बरोबर 160. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या नेटवर्कवर गेला. नील पॅपवर्थ यांनी तो संगणकावरून पाठवला, मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. तेव्हाची ती 140 बाइटची चौकट आजही जशीच्या तशी आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची वाट पूर्ण वेगळी. मेसेज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, सर्व्हर गूगल किंवा अ‍ॅपलच्या नोटिफिकेशन यंत्रणेतून फोनला जागं करतो, मग अ‍ॅप मेसेज उतरवून घेतं. ऑपरेटरला यात फक्त डेटा वाहताना दिसतो. न पोचलेला मेसेज सर्व्हरवर 30 दिवस राहतो. एप्रिल 2016 पासून मजकूर दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधल्या सर्व्हरला वाचता येत नाही. एसएमएसला अशी सोय नाही, ऑपरेटरच्या केंद्रात तो उघडाच असतो.

पारसिक (सोमवार, दुपारी 12:48)

मराठीच्या क्रेडिटचं मी सांगतो, कारण इथे पैसे अक्षरशः सांडतात.

मजकुरात एक जरी अक्षर त्या 7 बिटांच्या तक्त्याबाहेरचं आलं, तर संपूर्ण मेसेज युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या तक्त्यात) जातो. तिथे प्रत्येक अक्षराला 16 बिट. 1120 भागिले 16 म्हणजे 70. मजकूर 70 च्या वर गेला की तुकडे पडतात, आणि तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येकाच्या सुरुवातीला 6 बाइटची चिठ्ठी लागते. त्यामुळे तुकड्यागणिक 67 च अक्षरं उरतात, रोमनमध्ये 153. म्हणजे 71 अक्षरांच्या मराठी मेसेजला 2 क्रेडिट. 212 घरांना 212 ऐवजी 424.

दुसरी गोम अशी की देवनागरीत डोळ्यांना दिसतं ते अक्षर आणि यंत्र मोजतं ते अक्षर यांत फरक आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘टाक्या’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी वाटतो, पण मोजणीत 6 आहे: ट, काना, क, हलंत, य, काना. ‘क्ष’ एकटा 3 खातो. ‘प्राधिकरण’ 9. रिकामी जागा आणि पूर्णविरामही त्यात धरले जातात.

इंग्रजी मेसेजलाही हा फटका बसतो. मेंटेनन्सच्या आठवणीत ₹ हे चिन्ह टाकलं की 160 चे थेट 70 होतात, कारण ते जुन्या तक्त्यात नाही. वर्डमधून चिकटवलेली गोलसर अवतरणचिन्हं आणि लांब डॅश हेही त्याच जातीचे. रोमनमध्ये लिहिणार असाल तर ₹ ऐवजी आर आणि एस ही अक्षरं टंका, अवतरणचिन्हं साधी सरळ ठेवा. महिरपी आणि चौकोनी कंस तक्त्यात आहेत, पण प्रत्येकी 2 धरले जातात.

मासुंदा (सोमवार, दुपारी 1:15)

हे कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. आमच्या पाण्याच्या सूचनेत ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच निम्मी जागा जाते.

येऊर_पायथा (सोमवार, दुपारी 3:30)

निम्म्याहून जास्त जाते. मानाचे शब्द नोटीस बोर्डावर ठेवा.

आता डीएलटी, म्हणजे घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांची ऑपरेटरांकडची नोंदणी. एसएमएस चालू ठेवायचा असेल तर नूतनीकरणाआधी ही नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते तपासा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार संस्थेने पाठवलेला प्रत्येक एसएमएस नोंदणीकृत हेडरखाली (पाठवणाऱ्याच्या नावाखाली) आणि मंजूर टेम्प्लेटमध्येच (ठरलेल्या मजकुरातच) जाऊ शकतो. 8 मार्च 2021 रोजी ही छाननी सक्तीने सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि आठवडाभरासाठी ती थांबवावी लागली. आता ती पक्की आहे.

क्रम असा. कुठल्याही एका ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर सोसायटीची संस्था म्हणून नोंदणी करायची. पॅन, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र लागतं. त्यातून मिळणारा संस्थेचा क्रमांक सगळ्या ऑपरेटरांना चालतो. मग सोसायटीच्या नावाशी जुळणारं हेडर, मग टेम्प्लेट. पाणी, लिफ्ट, सभा या सूचना ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’ (सेवेच्या सूचना) प्रकारात घाला. प्रमोशनलमध्ये टाकल्या तर ज्यांनी डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) घेतलंय त्यांना जाणारच नाहीत, आणि तक्रार केल्याशिवाय हे लक्षातही येत नाही. शेवटी ज्या एजन्सीकडून क्रेडिट घेता तिला पोर्टलवर आपली टेलिमार्केटर म्हणून जोडायचं. डिसेंबर 2024 पासून ही साखळी नोंदलेली नसेल तर मेसेज अडवला जातो.

मेसेज नापास होण्याची नेहमीची कारणं: मंजूर टेम्प्लेटपेक्षा एक जागा किंवा पूर्णविराम जास्त असणं, बदलत्या मजकुराच्या एका रकान्यात 30 पेक्षा जास्त अक्षरं भरणं (इथेही काना-मात्रा धरून), मराठी टेम्प्लेट युनिकोड न निवडता भरणं. आणि लिंक. 1 ऑक्टोबर 2024 पासून आधी नोंदवलेली लिंक असेल तरच मेसेज सुटतो. मेंटेनन्स भरायची लिंक घालणार असाल तर ती पोर्टलवर आधी मंजूर करून घ्या.

मे 2025 पासून हेडरच्या शेवटी एक अक्षरही येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. सभासदांना हे जरूर सांगा. वीज कापली जाईल असा धमकीवजा मेसेज साध्या 10 आकडी नंबरावरून आला की तो खोटा धरायचा, हे ओळखायला हीच खूण कामी येते.

कोपरी_पूल (सोमवार, संध्याकाळी 6:10)

इतकी यातायात करण्यापेक्षा एक साधं सिम घेऊन त्यावरून 212 जणांना पाठवलं तर? पॅकमध्ये रोज 100 एसएमएस असतात. तीन दिवसांत होईल.

येऊर_पायथा (सोमवार, संध्याकाळी 6:40)

कृपया करू नका. साध्या नंबरावरून घाऊक मेसेज पाठवणं हे नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटिंगमध्ये धरलं जातं. एखाद्या सभासदाने किंवा जुन्या भाडेकरूने 1909 वर तक्रार केली की नंबर बंद होऊ शकतो, आणि त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकही असेल तर सगळंच अडकतं. शिवाय पाण्याची सूचना निम्म्या विंगला दुसऱ्या दिवशी पोचून उपयोग काय?

रोज 100 हा आकडा कुठून आला तेही सांगतो. सप्टेंबर 2011 मध्ये ट्रायने घाऊक जाहिराती रोखण्यासाठी एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती 200 केली. 2012 मध्ये बंदी जाऊन 100 नंतरच्या प्रत्येक मेसेजला किमान 50 पैसे असा नियम आला. तो 2020 मध्ये काढला, पण पॅकमधला 100 चा आकडा राहिला.

सेक्टर17 (सोमवार, रात्री 9:25)

लोक एसएमएस सोडून गेले ते याच काळात, आणि माझ्या मते तंत्रज्ञानापेक्षा दरांमुळे. दिवाळी, 31 डिसेंबर अशा दिवशी पॅक चालायचे नाहीत, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर पडायचा. 2009 साली निघालेलं व्हॉट्सअ‍ॅप तेव्हाच्या नोकियावरही चालायचं आणि त्याला लागायचा थोडासा डेटा. ब्लॅकबेरी मेसेंजर त्याआधी, 2005 पासून होता, पण त्याला त्याच कंपनीचा फोन आणि एकमेकांचा पिन लागायचा. व्हॉट्सअ‍ॅपने मोबाइल नंबरच ओळख मानली. नाव, पासवर्ड काही नको, फोनमधल्या नंबरांत जे आहेत ते आपोआप समोर. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओने फुकट डेटा सुरू केल्यावर उरलेलेही आले.

पण ती ओळख पटवायला काय लागतं? 6 आकडी कोड, आणि तो बहुधा एसएमएसनेच येतो. यूपीआय अ‍ॅप सुरू करतानाही फोन गुपचूप एक एसएमएस बाहेर पाठवतो आणि सिम त्याच फोनमध्ये असल्याची खात्री बँक करून घेते. पॅकमध्ये एसएमएस नसेल, बॅलन्स शून्य असेल किंवा दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल तर ‘पडताळणी अयशस्वी’ येतं ते यामुळे. नंबर पोर्ट करायलाही 1900 वर एसएमएसच लागतो.

बेलापूर_किल्ला (मंगळवार, सकाळी 9:50)

व्हॉट्सअ‍ॅपची बाजू मी घेतो, कारण ते नीट मांडलं तर सोसायटीचं ऐंशी टक्के काम त्यावर होतं.

पहिलं म्हणजे सेक्रेटरींच्या खाजगी नंबरावर काही उभं करू नका. कमिटी बदलली की सगळं त्यांच्याबरोबर जातं. सोसायटीच्या ऑफिसच्या लँडलाइनवरही बिझनेस अ‍ॅप सुरू करता येतं. पडताळणीत एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय घ्यायचा, कोड बोलून सांगितला जातो. लगेच दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 6 आकडी पिन ठेवा, सोसायटीचा ईमेल जोडा, आणि पिन बंद पाकिटात हस्तांतराच्या कागदपत्रांत ठेवा. मुख्य फोनशिवाय 4 उपकरणं जोडता येतात, पण मुख्य फोनवर 14 दिवस अ‍ॅप उघडलंच नाही तर ती सुटतात. 120 दिवस खातं वापरलं नाही तर ते पुसलं जातं.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या (एकच मेसेज अनेकांना स्वतंत्रपणे पाठवणाऱ्या यादीच्या) नादी लागू नका. त्यात 256 जण बसतात, तुमचे 212 मावतील. पण ज्यांनी सोसायटीचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचत नाही, आणि तसं तुम्हाला कळवलंही जात नाही. ‘मला आलंच नाही’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

त्यापेक्षा कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र बांधणारी सोय) करा. तिच्या घोषणा ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात, आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांसाठी विंगनिहाय वेगळे ग्रुप. सुप्रभात आणि पार्किंगचे वाद तिकडे, पाण्याची सूचना इकडे.

नोटिशीचा फोटो टाकण्याची सवय मोडा. फोटोतला मजकूर चॅटमध्ये शोधता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमधला वाचून दाखवणारा आवाज तो धडपणे वाचू शकत नाही. मजकूर टंकून टाका, सही-शिक्क्याची प्रत डॉक्युमेंट म्हणून जोडा. महत्त्वाची सूचना पिन करा, 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस ठेवता येते. चूक झाली तर 15 मिनिटांत दुरुस्त करता येते, त्यानंतर नवीन मेसेजच.

मासुंदा (मंगळवार, सकाळी 10:30)

ग्रुपवर एकच राखाडी टिक दिसते, दुसरी येतच नाही. म्हणजे मेसेज गेला नाही का?

बेलापूर_किल्ला (मंगळवार, सकाळी 10:55)

गेला. ग्रुपमध्ये दुसरी टिक येते ती सगळ्यांच्या फोनवर पोचल्यावर, आणि निळी होते सगळ्यांनी वाचल्यावर. 212 पैकी एक फोन दुरुस्तीला असला तरी एकच टिक राहणार. मेसेज दाबून धरा, माहितीवर जा, कुणापर्यंत पोचला आणि कुणी वाचला याची यादी मिळेल. ती फक्त पाठवणाऱ्याला दिसते. वाचल्याची खूण बंद करून ठेवणाऱ्यांचीही ग्रुपमध्ये नोंद होते, तो पर्याय ग्रुपला लागू नाही.

ठरावीक लोकांकडे सतत उशिराच पोचत असेल तर बहुधा फोनची बॅटरी बचत अ‍ॅपला झोपवते. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, व्हॉट्सअ‍ॅप, बॅटरी इथे जाऊन ‘निर्बंध नाही’ निवडायचं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं चालू करावं लागतं. वॉचमन काकांचा फोन आधी तपासा, पंप तेच चालू करतात.

गवळीदेव (मंगळवार, दुपारी 2:15)

पंपाचा विषय निघालाच आहे म्हणून. बऱ्याच सोसायट्यांत टाकीची पातळी आणि पंप यांवर जीएसएम मॉड्यूलचा (सिमवर चालणाऱ्या मोडेमचा) पॅनेल असतो, तो एसएमएस पाठवतो. एसएमएसची चर्चा माणसांपुरतीच ठेवू नका.

सिम800 जातीची मॉड्यूल्स फक्त 2जी चालवतात. त्यात जिओचं सिम घातलं तर नेटवर्क मिळणारच नाही, कारण जिओला 2जी नाही. मॉड्यूलला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात आणि मेसेज पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढ जाते. साध्या 1 अँपिअरच्या पुरवठ्यावर ते नेमकं पाठवण्याच्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि इलेक्ट्रिशियन सिम बदलत बसतो. पुरवठा 2 अँपिअरचा घ्या, मॉड्यूलच्या पिनांजवळ 1000 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. पंपरूम तळघरात असेल तर अँटेना लोखंडी पेटीबाहेर काढा. सिग्नल तपासायची एटी आज्ञा (मॉड्यूलला द्यायचा आदेश) आहे सीएसक्यू, ती 0 ते 31 मधला आकडा देते. 10 च्या खाली भरवसा धरू नका. 99 म्हणजे सिग्नल मोजताच येत नाही.

मराठीत इशारा हवा असेल तर अक्षरसंच यूसीएस2 (16 बिटांचा युनिकोड) करावा लागतो, आणि इथे सगळे अडकतात: मग मोबाइल नंबरसुद्धा त्याच पद्धतीने हेक्समध्ये (16 च्या अंकपद्धतीत) द्यावा लागतो, फक्त मजकूर बदलून चालत नाही. सीएसएमपी या आज्ञेत 17, 167, 0, 8 असे आकडे द्यायचे. 167 म्हणजे 24 तासांची मुदत, 8 म्हणजे युनिकोड. खरं तर पंपाच्या इशाऱ्याला 24 तासांची मुदत देऊच नये, ‘टाकी भरली’ हे दुसऱ्या दिवशी कळून काय करायचं? 11 टाकलं की 1 तास.

नवीन पॅनेल घेत असाल तर 4जी कॅट-1 (यंत्रांसाठीचं कमी वेगाचं 4जी) मॉड्यूलच मागा.

कोपरी_पूल (मंगळवार, संध्याकाळी 5:00)

आता आरसीएस, म्हणजे एसएमएसची डेटावर चालणारी नवी आवृत्ती, आलंय ना? नंबरावरच चालतं, फोटो जातात, टिकही दिसते. मग एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही सोडता येतील.

सेक्टर17 (मंगळवार, संध्याकाळी 7:45)

आरसीएसचं काम 2007 च्या सुमारास सुरू झालं, सर्व ऑपरेटरांसाठी सामायिक आराखडा 2016 मध्ये आला, आणि अ‍ॅपलने तो सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 पासून घेतला. इतका वेळ लागला कारण त्यासाठी फोन, अ‍ॅप आणि ऑपरेटर तिघांनी जुळावं लागतं. मेसेज डेटावरूनच जातो, त्यामुळे डेटा बंद असलेल्या फोनसाठी त्याचा उपयोग व्हॉट्सअ‍ॅपइतकाच. आणि कीपॅड फोनवर नाही. भारतात जाहिरातींचा इतका मारा झाला की जून 2022 मध्ये गूगलला इथले आरसीएसवरचे व्यावसायिक प्रचाराचे मेसेज काही काळ थांबवावे लागले होते. सोसायटीसाठी आज तरी नको.

आणीबाणीचं मात्र वेगळं आहे. 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. तो एसएमएस नव्हे. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदाच ऐकवतो, नंबरांची यादी लागत नाही, त्यामुळे गर्दीत तुंबत नाही. अतिवृष्टीत खाडीकाठच्या वस्त्यांसाठी हे फार मोलाचं आहे. सभासदांना फोनमधले आपत्कालीन इशारे चालू ठेवायला सांगा. सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ शोधलं की सापडतं.

येऊर_पायथा (मंगळवार, रात्री 8:30)

नंबरांच्या यादीबद्दलही. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. वर्षातून एकदा यादी ताडून पाहिली नाही तर सोसायटीच्या सूचना अनोळखी माणसाला जात राहतात. आणि कुणी सिम बदलून घेतलं असेल तर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, तो फसवणूक रोखण्याचा नियम आहे. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपचा किंवा बँकेचा कोड लागेल असं काम काढू नका.

मासुंदा (बुधवार, सकाळी 9:15)

कमिटीपुढे असं ठेवतोय: घोषणा कम्युनिटीवर, आणि पाणी, लिफ्ट बंद, आग या तीनच गोष्टींना एसएमएस, तोही सगळ्या 212 घरांना. सभेची नोटीस उपविधींत सांगितलेल्या पद्धतीनेच, मेसेज फक्त आठवणीला. पाण्याचा मजकूर असा केलाय:

‘उद्या सकाळी 9 ते परवा सकाळी 9 पाणी बंद राहील. टाक्या भरून ठेवा.’

पारसिक (बुधवार, सकाळी 9:40)

63 अक्षरं, एका क्रेडिटमध्ये बसतो. पण ‘उद्या’ काढा. फोन रात्रभर बंद असला तर हा मेसेज सकाळी पोचेल आणि वाचणारा एक दिवस पुढचं समजेल. तारीख घाला:

‘ता. 14 सकाळी 9 ते ता. 15 सकाळी 9 पाणी बंद. टाक्या भरून ठेवा.’

हे 60 झाले. टेम्प्लेटमध्ये दोन्ही तारखा आणि दोन्ही वेळा बदलते रकाने म्हणून मंजूर करून घ्या, म्हणजे दर वेळी नवीन मंजुरी लागणार नाही. 10 अक्षरं शिल्लक आहेत. सोसायटीचं नाव त्यात बसवताना काना-मात्रा मोजा.